फॅन फिक्शन लेखन कार्यशाळा, धरमपेठ : मूळ कथेशी इमान कुठवर राखावे?

नागपूरच्या धरमपेठेतील एका खासगी अभ्यासिकेत सलग तीन रविवार भरलेली फॅन फिक्शनची, म्हणजे आवडत्या कथेतील पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथांची, लेखन कार्यशाळा मी मे महिन्यात पूर्ण केली. शुल्क १,२०० रुपये होते, गट बारा जणांचा होता, आणि मूळ कथेपासून, म्हणजे कॅननपासून, किती दूर जावे या एकाच प्रश्नावर तिन्ही दिवस चर्चा झाली.

मार्गदर्शक ताईंनी सुरुवात कालिदासापासून केली. मेघदूतातील रामगिरी म्हणून ओळखले जाणारे रामटेक जिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे, त्या नागपुरात ही सुरुवात मला फार भावली. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते आणि केवळ लोक काय म्हणतील या भीतीने तो शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने 'शाकुंतल' नाटकात राजाला विसर पाडणारा दुर्वासांचा शाप आणि तो उतरवणारी अंगठी आणून त्या नकाराचे कारणच पालटले. पण तेवढे करून तो थांबला नाही, तर स्मृती परतल्यावर राजाला सहावा अंकभर पश्चात्तापात होरपळू दिले. बदल करणाऱ्याने त्याचे परिणाम शेवटपर्यंत निभावले पाहिजेत, हे मला इथे प्रथमच नीट उमगले.

गटातील एका मुलीने कोळ्याची कथा लिहिली होती. माशाच्या पोटात सापडलेली अंगठी तो घाबरून पुन्हा नदीत टाकतो, असा तिचा बदल होता. शेवटच्या पानावर मात्र राजाला अचानक सारे आठवत होते. ताईंनी वही मिटली आणि विचारले, "अगं, अंगठी राजापर्यंत पोहोचलीच नाही, तर शाप उतरला कसा?" त्या एका प्रश्नाने शुल्क वसूल झाले.

उणीव दुसऱ्या रविवारी जाणवली. त्या दिवशी सहायकांनी प्रत्येक कथा मूळ तपशिलांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. माझ्या कथेत शेरलॉक होम्सचा मित्र डॉ. वॉटसन लंगडत जिना चढत होता, त्यावर लाल शेरा पडला : 'जखम खांद्याला.' होम्सच्या १८८७ च्या पहिल्या कादंबरीत ती खांद्यालाच आहे. परंतु १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत गोळी पायाला लागलेली आहे. मूळ लेखकाच्याच हातून जिथे मेळ राहिला नाही, तिथे नवख्या लेखकाला अडवू नये, असे माझे ठाम मत आहे. वॉटसन मित्राला संकटात सोडून गेला असता, तर तो लाल शेरा मी आनंदाने स्वीकारला असता.

कूलरच्या घरघरीत मागच्या रांगेला वाचन ऐकू येत नव्हते, तेव्हा जाणाऱ्यांनी पुढे बसावे.

तिसऱ्या रविवारी त्या मुलीने नवा शेवट वाचला. मारीच ऋषींच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणाऱ्या मुलाच्या हातून दुष्यंत तो छावा सोडवतो, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो, आणि काहीच न आठवता रथाकडे वळतो.