लेबल विचारावे की धोरण?
अमेरिकी मतदारांवर प्रबंध लिहिणाऱ्या भाचीपुढे पेच आहे: प्रश्नावलीत 'तुम्ही उदारमतवादी की पुराणमतवादी?' एवढेच विचारावे, की धोरणांविषयीचे दहा प्रश्न घालावेत? पहिल्यात श्रम कमी, शिवाय ते उत्तर सहसा टिकते. धोरणांवरचे मत प्रश्नातील एका शब्दानेही हलते ('गरिबांना मदत' म्हटले की होकार, त्याच सरकारी मदतीला 'वेल्फेअर' म्हटले की कपाळाला आठी). अचूकतेत मात्र उदारमतवादी-पुराणमतवादी हे लेबल तोकडे पडते, कारण फ्लोरिडात २०२० साली पुराणमतवादी गोटाचे ट्रम्प जिंकले आणि त्याच मतदानात किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरपर्यंत नेणाऱ्या, म्हणजे उदारमतवादी वळणाच्या, राज्याच्या घटनादुरुस्तीला सुमारे ६१ टक्के मते पडली. मत कोणाकडे झुकेल एवढेच हवे असेल तर लेबल पुरते. कोणता कायदा लोकांच्या पचनी पडेल हे शोधायचे असेल तर दहा प्रश्नांचा खटाटोप करावाच.