थर्मोस्टॅटवर फॅन ऑटो, ऑन की सर्क्युलेट? अमेरिकेत नवीन घर घेतलेल्यांसाठी

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण घोळ इथेच होतो. थर्मोस्टॅटवर सिस्टिम वेगळी आणि फॅन वेगळा. सिस्टिम म्हणजे हीट, कूल, ऑफ, आणि फॅन म्हणजे ऑटो, ऑन, नवीन मॉडेलवर सर्क्युलेटसुद्धा. फॅन ऑन केला म्हणून एसी चालू होत नाही, नुसता ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, फिरतो आणि घरातलीच हवा डक्टमधून (हवेच्या नळ्यांमधून) फिरवत राहतो.

ऑटोवर ब्लोअर फक्त हीटिंग किंवा कूलिंग चालू असताना फिरतो, तापमान आलं की थांबतो. ऑनवर चोवीस तास. आता चोवीस तासाचं बिल काय, तर ते मोटरवर आहे. जुन्या पद्धतीची, ठरावीक स्पीडची पीएससी मोटर 400 ते 500 वॅट सहज खाते, 500 धरले तर महिन्याला 360 युनिट, 15 सेंटने 54 डॉलर, त्यातला काही वेळ ती ऑटोवरही फिरलीच असती हे धरलं तरी फरक बराच पडतो. ईसीएम, म्हणजे स्पीड कमीजास्त करू शकणारी नवी मोटर असेल तर हळू स्पीडला 100 वॅटच्या आसपास, म्हणजे महिन्याला 11 डॉलर. फर्नेसच्या (घर गरम करणारं यंत्र, ब्लोअर बहुतेक त्यातच असतो) कागदपत्रांत व्हेरिएबल स्पीड लिहिलंय का ते आधी बघा, माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

उरलेला निम्मा दमटपणावर. ह्यूस्टन, फ्लोरिडा, जुलैमधली न्यू जर्सी, अशा ठिकाणी एसी हवा थंड करतो तसाच हवेतलं पाणी पण काढतो, ते पाणी कॉइलवर, म्हणजे एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर, जमून ड्रेनमधून बाहेर जातं. कंप्रेसर थांबल्यावर ब्लोअर फिरतच राहिला तर ओल्या कॉइलवरचं पाणी वाळून पुन्हा घरात येतं, मग 75 डिग्रीला पण चिकचिक होते आणि आपण सेटिंग 72 वर नेतो, म्हणजे बिल दोन्हीकडून वाढतं. त्यामुळे दमट उन्हाळ्यात ऑटोच, यात मला अजिबात शंका नाही. फीनिक्ससारख्या कोरड्या ठिकाणी हा त्रास वर्षातला बराच काळ नसतो.

डक्ट अॅटिकमधून गेलेले असतील तर ऑन आणखी नको. अॅटिक उन्हाळ्यात तापलेलं, थंडीत गार, आणि हवा दिवसभर तिथूनच फिरणार. थंडीत व्हेंटमधून गार झुळूक येते ती बऱ्याचदा याचीच, आणि घरी आईबाबा आलेले असतील तर त्यांना ती आधी जाणवते.

मग ऑन कधी? जंगलातल्या आगींचा धूर आला की. जून 2023 मध्ये कॅनडातल्या आगींनी न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं आकाश नारिंगी झालं होतं, अशा दिवशी खिडक्या बंद, मर्व 13 दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर (तुमच्या सिस्टिमला चालत असेल तर) आणि फॅन ऑन, म्हणजे हवा सारखी फिल्टरमधून जात राहते. पण फोडणी घालताना ऑन नको हं, किचनमधला वास हवा परत ओढणाऱ्या रिटर्न व्हेंटमधून थेट बेडरूमपर्यंत जातो. आधी हूड लावा, तोही हवा बाहेर टाकणारा असेल तरच उपयोग.

दुमजली घर असेल, वरच्या खोल्या तापत असतील तर सर्क्युलेट बघाच. हनीवेलच्या थर्मोस्टॅटवर ते साधारण 35 टक्के वेळ फॅन चालवतं, इकोबीवर तासाला किमान किती मिनिटं ते आपण ठरवायचं. वरखालचा फरक थोडा कमी होतो आणि ऑनइतका खर्च येत नाही. दमटपणाचा प्रश्न मात्र इथेही थोडा राहतोच, म्हणून मी सर्क्युलेट वसंतात आणि शरदात लावा म्हणेन, भर उन्हाळ्यात ऑटोवर आणा. आणि ऑन किंवा सर्क्युलेट काहीही ठेवलंत तरी एक इंची फिल्टर तीन महिन्यांची वाट न बघता दर महिन्याला काढून बघा, फॅन जितका जास्त फिरेल तितका तो लवकर भरतो.