जुन्या गाडीच्या मीटरची क्रोम कड आणि मोलोटोवचा लिक्विड क्रोम मार्कर

साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत मीटरभोवतीची चकचकीत कड धातूची नसतेच. प्लास्टिकवर निर्वात कक्षात ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर बसवलेला असतो आणि त्यावर लॅकर. लॅकर झिजलं की फडकं फिरवाल तेवढं ॲल्युमिनियम निघत जातं आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. ही कड घरच्या घरी उजळायची तर मोलोटोव कंपनीचा लिक्विड क्रोम मार्कर, म्हणजे वाळल्यावर आरशासारखी चमकणाऱ्या शाईचं पेन, फार छान काम करतो, पण योग्य जागी वापरला तरच. काचेच्या आतली, बोट न लागणारी कड ही त्याची जागा. स्विचभोवतीची कड, हेडलाइटची खुंटी, ॲशट्रेचं झाकण अशा हात लागणाऱ्या ठिकाणी तो वापरू नका. सतत बोटं लागली की चमक जाते आणि राखाडी चंदेरी रंग उरतो.

मार्कर १, २ आणि ४ मिमीच्या निबमध्ये मिळतो, शिवाय ३० मिलीची रिफिल असते. मीटरच्या कडा सहसा २ ते ३ मिमी रुंद असतात, त्यामुळे २ मिमीचा घ्यावा. आतल्या कोपऱ्यांसाठी १ मिमीचा. रुंद सपाट पट्टीवर निबच्या रेघा दिसतात. तिथे रिफिलची शाई एअरब्रशने मारा, नाहीतर तो भाग क्रोमिंगवाल्याकडे द्या.

शाई आरशासारखी दिसते ती खालच्या पृष्ठभागामुळे. तो काचेसारखा गुळगुळीत नसेल तर कितीही हात मारा, दिसेल चंदेरी रंगच. म्हणून खरी मेहनत मार्कर उघडण्याआधीची आहे.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग मीटरची केबल आणि बल्बचे होल्डर सोडवा. काटे हाताने फिरवू नका. ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर ही कड असते ती मीटरपासून वेगळी करून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, वाळल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा ॲसिटोनला हात लावू नका. जुनं प्लास्टिक त्याने विरघळतं आणि बारीक तडे पडतात. उरलेलं क्रोम सुटत असेल तर १००० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून पूर्ण काढा. अर्धवट ठेवलं तर त्याची किनार नव्या रंगातून उमटते. शेवटचा हात २००० चा. डॅशबोर्डचं प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनचं निघालं तर आधी ॲडहिजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून राहावा म्हणून मारायचा थर) लागतो. एबीएस प्लास्टिकला मात्र घासणं आणि स्वच्छता पुरते.

रंगाचा क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्या पट्टीवर ग्लॉस ब्लॅकचे (चकचकीत काळ्या रंगाचे) दोन-तीन पातळ हात, स्प्रे कॅन साधारण २५ सेमी लांब धरून. फार लांबून मारला तर रंग हवेतच वाळतो आणि हाताला खरखर लागते. फार जवळून मारला तर ओघळतो. दोन दिवस वाळू द्या. मग क्रोमच्या कडेवर ३ मिमीची फाइन लाइन टेप लावा. साधी मास्किंग टेप वळणावर सुरकुतते आणि रंग आत शिरतो. आता बाकी भागावर सॅटिन ब्लॅक (कमी चमकेचा काळा) मारा आणि रंग थोडा ओला असतानाच टेप काढा, म्हणजे किनार तुटत नाही. टेपखाली ग्लॉस ब्लॅक जसाच्या तसा राहतो आणि क्रोमला हवा तो पाया मिळतो.

एक चूक वारंवार होते: पट्टीची मागची बाजूही उत्साहाने काळी केली जाते. तिथला पांढरा रंग बल्बचा उजेड पसरवण्यासाठी असतो. तो झाकला की रात्री मीटर अंधुक दिसतात. इंडिकेटरच्या हिरव्या-निळ्या फिल्टरवरही रंग जाऊ देऊ नका. छापील अक्षरं असतील तर घासण्याआधी मापासकट फोटो काढून ठेवा.

मार्कर भरपूर हलवा, निब काचेच्या तुकड्यावर दाबून शाई उतरू द्या. मग कडेवर एकाच दिशेने, न थांबता, जरा भरपूर शाईची ओळ ओढा. शाई आपोआप सपाट बसते. काही क्षण ती दुधी दिसते आणि बघता बघता आरसा होते. अर्धवट वाळलेल्या ओळीवरून पुन्हा निब फिरवली की खालचा थर ओढला जातो आणि तिथे कायमचा डाग पडतो. चूक झाली तर पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात. सॅटिनवर गेलेली शाई अल्कोहोलच्या इअरबडने लगेच, हलक्या हाताने पुसता येते. जोर लावला तर सॅटिनच चकाकायला लागतो.

वरून क्लिअर कोट (पारदर्शक लॅकर) मारायचा मोह आवरा. साध्या स्प्रे कॅनच्या क्लिअरमधलं सॉल्व्हंट शाईला भिडतं आणि आरसा क्षणात मंदावतो. काचेमागे त्याची गरजही नाही. बाहेरच्या कडेला संरक्षण हवंच असेल तर शाई आठवडाभर वाळवून टू-के क्लिअरचा (हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरचा) हात द्यावा, तरी थोडी चमक जातेच. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

शाई तासाभरात हाताला कोरडी लागते, पण कडक व्हायला कित्येक दिवस घेते. बोटाचा ठसा उमटला तर पुसून जात नाही. पट्टी धूळ न बसेल अशा डब्यात किमान आठवडाभर ठेवा आणि मगच काच बसवा. घाईने बंद केली तर रंगातून निघणारी वाफ काचेच्या आतून धुरकट थर धरते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. बसवताना पट्टी मागच्या बाजूने धरा, बल्ब पेटवून बघा आणि केबल शेवटी जोडा.