गुन्हा पाहून वर्ग की धोका पाहून?

अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही प्रत्येक राज्यात आहे. मात्र कुणाला कोणत्या वर्गात टाकायचं, याचे दोन मार्ग आहेत.

पहिला 2006च्या ॲडम वॉल्श कायद्याचा, म्हणजे केंद्रीय कायद्याचा. इथे मुख्यतः शाबित झालेला गुन्हा पाहून तीन श्रेणी करतात; तिसरी सर्वांत गंभीर. पहिल्या श्रेणीची नोंद 15 वर्षं, दुसरीची 25, तिसरीची आजन्म. प्रत्यक्ष हजेरी अनुक्रमे वर्षाने, सहा महिन्यांनी, तीन महिन्यांनी. काम सोपं, वाद कमी. पण तिसऱ्या श्रेणीतला माणूस म्हातारपणी अंथरुणाला खिळला, तरी श्रेणी तीच.

दुसरा मार्ग मॅसॅच्युसेट्स राज्याचा. तिथे राज्याचं मंडळ माणूस तपासून धोक्याच्या तीनपैकी एक पातळी ठरवतं: वय, आधीचे गुन्हे, पीडित व्यक्ती ओळखीची होती का, उपचार घेतले का. ठरवलेली पातळी मान्य नसेल तर सुनावणी मागता येते. पहिल्या पातळीची माहिती जनतेला मिळत नाही. तिसरीची, आणि जुलै 2013 नंतर ठरलेल्या दुसरीची, संकेतस्थळावर दिसते. वेळ जातो, वकील लागतात, आणि अंदाज शेवटी अंदाजच.

तरी मला दुसराच बरा वाटतो. पोलिसांचं मर्यादित बळ खऱ्या धोक्याकडे वळतं. खोट एकच, पण मोठी. जोखमीची मोजमापं उघडकीस आलेल्या गुन्ह्यांवर बेतलेली असतात, आणि घरातल्या अत्याचाराची तक्रार अनेकदा होतच नाही. त्यामुळे नात्यातला गुन्हेगार कागदावर सौम्य दिसू शकतो.

शाळेजवळ राहण्यावरची बंदी हा वेगळाच मामला. ती ॲडम वॉल्श कायद्यात नाही. राज्यांच्या आणि शहरांच्या नियमांतून येते.