घुमानच्या यात्रेत मुक्काम कोठे करावा : घुमान, श्री हरगोबिंदपूर की बटाला?

संत नामदेवांच्या पंजाबातील कार्यभूमीचे दर्शन घेऊ इच्छिणाऱ्या मराठी यात्रेकरूला मुक्कामाचा निर्णय आधीच करावा लागतो, कारण गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे आजही शेतीवर जगणारे गाव आहे आणि बऱ्याचशा सोयी जवळच्या शहरांत आहेत. अनेकजण अमृतसरहून सकाळी निघून संध्याकाळी परततात; त्यात दर्शन होते, पण गावाची ओळख होत नाही.

माझ्या मते प्रकृती साथ देत असेल, तर एक रात्र घुमानलाच काढावी. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे समाविष्ट आहेत. ज्या गावी त्यांनी उत्तरायुष्याची बरीच वर्षे घालवली असे परंपरा सांगते, तेथील नामदेव दरबारात पहाटेचे कीर्तन ऐकताना वारकरी मनाला जी जवळीक जाणवते, ती दुपारच्या धावत्या भेटीत लाभत नाही. तपियाना साहिब हे नामदेवांचे तपस्थान मानले जाते, तेही निवांत पाहता येते. 2015 साली 88वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. निवासाबद्दल मात्र आधी विचारून घ्यावे, विशेषतः जानेवारीच्या मध्यावरील माघ मेळ्याच्या दिवसांत.

बियास नदीकाठचे श्री हरगोबिंदपूर घुमानपासून सुमारे 10 किलोमीटरवर आहे. शिखांचे सहावे गुरु हरगोबिंद यांनी मुसलमान रहिवाशांसाठी बांधलेली ‘गुरु की मसीत’ ही मशीद आवर्जून पाहावी, मात्र त्यासाठी अर्धा दिवस पुरेसा असल्याने मुक्काम तेथे हलवू नये.

वृद्ध किंवा औषधोपचार चालू असलेले यात्रेकरू सोबत असतील, तर बटाला निःसंशय बरे. ओतकामाच्या कारखान्यांचे हे मोठे शहर अमृतसर–पठाणकोट लोहमार्गावर असून तेथे हॉटेले आणि रुग्णालये आहेत. गुरु नानकांचा विवाह येथे झाला; भाद्रपदाच्या सुमारास त्याचा उत्सव असतो, तेव्हा खोली मिळणे कठीण जाते.

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने येऊन थेट घुमान गाठायचे असल्यास अमृतसरपर्यंत न जाता बियास स्थानकावर उतरावे आणि मेहता चौकमार्गे रस्त्याने जावे.