पेपर, पॅकेजिंग की पब्लिकेशन? तिमाही निकाल बघून शेअर घेणाऱ्यांसाठी

निकालांचा सीझन आला की कोणीतरी टाकतंच, अमुक कंपनीचा नफा तिप्पट, तमुक तोट्यात, आणि खाली लगेच प्रश्न, घेऊ का? कागद-छपाईच्या शेअर्समध्ये तरी नुसत्या त्या तिप्पटवर जाऊ नका राव, इथे प्रत्येकाचा हंगाम वेगळा आणि कागदाचा भाव चढला की एक हसतो, दुसरा रडतो.

आधी पब्लिकेशन, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. एस. चांद आणि नवनीत दोघंही शालेय पुस्तकांतले, पण एस. चांदचा जोर सीबीएसईवर, त्या शाळा एप्रिलला सुरू म्हणून माल जानेवारी-मार्चमध्ये निघतो आणि बाकीच्या बहुतेक तिमाह्यांत तोटा दिसणं त्यांच्यासाठी नेहमीचंच. नवनीतची खरी कमाई एप्रिल-जूनची. जूनच्या तोंडावर पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन बघा, पालकांच्या हातात शाळेची यादी, काउंटरवर पाय ठेवायला जागा नाही, आतून पोरगा गाइडचे गठ्ठे पुढे सरकवतोय, ती सगळी गर्दी याच तिमाहीत उतरते आणि पुढच्या तिमाहीत आकडा धाडकन खाली येतो. निकालाच्या पीडीएफमध्ये तीन कॉलम शेजारी शेजारी असतात, ही तिमाही, मागची तिमाही आणि गेल्या वर्षीची हीच तिमाही, त्यातला मधला सरळ बोटाने झाका आणि तिसऱ्याशी ताडून बघा.

नवनीतसाठी अजून एक, बालभारतीची पुस्तकं बदलली की जुनी गाइडं रद्दीत जातात, सेकंडहँडवाल्यांचाही उपयोग संपतो आणि नवी घ्यावीच लागतात, म्हणजे पुण्यात सेनापती बापट रोडवर, बालभारतीच्या ऑफिसात, काय ठरतंय ते बघणं ब्रोकरच्या रिपोर्टइतकंच कामाचं. पण नवनीतच्या स्टेशनरीचा बराच माल अमेरिकेला जातो आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं भारतीय मालावरचं टॅरिफ (आयात शुल्क) ५० टक्क्यांवर गेलं होतं, हे विसरून फक्त गाइडवर हिशोब मांडाल तर चुकाल.

पेपर मिल म्हणजे लाटांचा धंदा. जेके पेपरने २०२२-२३ मध्ये हजार कोटींच्या वर निव्वळ नफा केला, २०२४-२५ मध्ये तो त्याच्या निम्म्यावरही राहिला नाही. परदेशातून स्वस्त कागद येत राहिला, इकडे लाकूड महागलं, कंपनीने काही वेडंवाकडं केलं असं नाही. दांडेलीची वेस्ट कोस्ट पेपर मिलही याच पाण्यात. इथे नफा विक्रमी आणि पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) स्वस्त दिसतो तेव्हाच जास्त सांभाळायचं, मी तरी मिलचे शेअर वाईट निकालानंतरच बघायला घेतो.

पॅकेजिंगला एक सेक्टर समजू नका प्लीज. पॉलीप्लेक्स, कॉस्मो फर्स्ट हे पॅकिंगची प्लास्टिक फिल्म बनवणारे, २०२२ नंतर बाजारात कपॅसिटी इतकी वाढली की मार्जिन पार झोपलं. ईपीएल टूथपेस्टच्या ट्यूब करते, टीसीपीएल कार्टन, यांचे निकाल त्या मानाने शांत, लोक दात घासायचं तर सोडत नाहीत. हुहतामाकी इंडियाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे तिचा क्यू-वन म्हणजे इतरांचा क्यू-फोर, आणि २०२३ मध्ये तिने ठाण्याची जागा विकली तेव्हा नफा असा फुगला होता की नुसता खालचा आकडा बघणाऱ्याला वाटावं धंदाच सुसाट सुटलाय. एक्सेप्शनल आयटमची, म्हणजे अशा एकदाच होणाऱ्या नफ्या-तोट्याची, ओळ वाचायला मिनिटही लागत नाही हो.

मग जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून कागद १२ वरून १८ टक्क्यांवर गेला आणि पुठ्ठ्याचे खोके १२ वरून ५ वर आले. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना खोके पुरवणारा माणूस क्राफ्ट पेपर, म्हणजे खोक्याचा तपकिरी कागद, १८ भरून घेतो आणि खोकं ५ लावून विकतो, मधल्या फरकाचं क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकून पडतं. नफ्याच्या ओळीत हे पटकन कळत नाही, खेळत्या भांडवलात कळतं, म्हणून बॉक्सवाली कंपनी घेणार असाल तर कॅश फ्लो उघडाच.

पेपरवाले म्हणजे वर्तमानपत्रवाले, डीबी कॉर्पसारखे, त्यांचं गणित दिवाळीच्या जाहिराती आणि न्यूजप्रिंटचा भाव या दोनवर, २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धामुळे न्यूजप्रिंट भडकला तेव्हा सगळ्यांचंच मार्जिन खाल्लं. छपाईत लिस्टेड फार कोणी नाही, रेप्रो इंडिया प्रिंट ऑन डिमांड (ऑर्डर आली की तेवढंच पुस्तक छापणं) करते, कल्पना आवडते पण मार्जिन अजून पातळ वाटतं.

दर तिमाहीला टेन्शन नको असेल तर ट्यूब-कार्टनवाले बघा. नवनीत घ्यायचा तर जूनच्या तिमाहीचा निकाल, जो ऑगस्टच्या आसपास येतो, तो बघून ठरवा, आणि एस. चांद मे महिन्याआधी तोट्याच्या बातमीवर विकू नका.