कॅनव्हास प्रिंट झकास, पण ताहितीच्या बायका गोऱ्या करून दिल्या

स्टार तीन. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मालक माणूस चांगला आहे. बेळगावात खडेबाजारच्या आजूबाजूला कॅनव्हासवर प्रिंट मारून देणारे जे आहेत त्यातलं एक समजा.

टिळकवाडीतल्या नव्या फ्लॅटमधे हॉलची एक भिंत मोकळी होती. आई म्हणाली बालाजी लावूया, मी म्हटलं देवघरात आहे की, इथं मला गोगँ पाहिजे. पॉल गोगँ, फ्रेंच चित्रकार, 1888 ला दुसरा चित्रकार व्हॅन गॉग याच्याबरोबर फ्रान्समधल्या आर्ल गावात दोन महिने भांडत राहिला तोच, आधी पॅरिसच्या शेअर बाजारात होता, मग 1891 ला बायकापोरं सोडून पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर गेला. चित्र निवडलं 'नाफेआ फा इपोइपो', 1892 चं. दोन बायका बसल्यात, पुढची लाल कापड गुंडाळून, कानामागं पांढरं फूल, मागची गुलाबी गळाबंद झग्यात, म्हणजे मिशनऱ्यांनी घालायला लावलेला तो झगा, गोगँ तिथं पोचला तोवर बेटावरचा स्वर्ग बराचसा आटोपला होता. नावाचा अर्थ 'तू लग्न कधी करणार?' हे आईला सांगायला नको होतं. मी 33 चा, बिनलग्नाचा.

ओरिजिनल 2014 ला 21 कोटी डॉलरला गेलंय, लिलावात नाही, खाजगीत. पेपरांनी 30 कोटी छापलेलं, पुढं कमिशनवरनं लंडनच्या कोर्टात केस झाली तेव्हा खरा आकडा बाहेर पडला. आपल्याकडं प्लॉटच्या व्यवहारात होतंय तसंच. माझं 24 बाय 18 इंच, लाकडी पट्टीवर ताणून, 2200 रुपये, बिल कन्नडात.

आता प्रिंटचं. कॅनव्हास जाड, शाई मॅट, लाइट पडली तरी चमकत नाही, मागं स्टेपल सरळ रांगेत, कोपऱ्याच्या घड्या एकदम नीट. इथपर्यंत पाच स्टार. घरी आणून प्लास्टिक काढलं आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं, दहा मिनिटं कळेना काय ते, मग मोबाईलवरचा फोटो शेजारी धरला. दोघी गोऱ्या! चेहरे गुळगुळीत, नाकाशेजारची हिरवट सावली गायब, आणि मागचा पिवळा पट्टा, जो मूळ चित्रात हळदीसारखा आहे, तो लिंबू सरबत झालेला.

परत गेलो. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "स्किन टोन लई डल होता सर, ब्राइट केलोय की." त्याची चूक म्हणू का नको कळेना. दिवसभर लग्नाचे अल्बम करतो, नवरीला उजळ करायची सवय हाताला लागलेली, फाइल उघडली की आपोआप तो स्लायडर ओढतो. पण गोगँनं त्या तपकिरी अंगासाठीच केवढा खटाटोप केला ओ, तपकिरीत हिरवं, केशरी मिसळून. ते इथं अर्ध्या मिनिटात धुऊन निघालं. दुसरी चूक, उजवीकडं खाली गोगँनं स्वतः रंगवलेलं चित्राचं नाव आहे, त्यातली अर्धी अक्षरं पट्टीच्या कडेवर दुमडून गेली.

मालकांनी मात्र वाद घातला नाही. "दुसरी काढून देतो, चहा घ्या." समोर बसून फाइल जशी आहे तशी सोडायला लावली, दोन इंच बॉर्डर वाढवली. तेवढ्या वेळात मी त्यांना लिलावाच्या गोष्टी सांगत बसलो. 'मॅटर्निटे 2' हे ताहितीचंच चित्र 2004 ला 3.9 कोटी डॉलरला गेलेलं, 2022 ला न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलाव कंपनीत साडेदहा कोटींच्या वर. उलटंही होतं, 'ते फारे' एका रशियन अब्जाधीशानं 5.4 कोटी युरोला घेतलं आणि 2017 ला लंडनच्या लिलावात 2 कोटी पौंडांच्या आसपास सुटलं. आणि गोगँ 1903 ला मेल्यावर ताहितीतल्या पपीते गावात त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात बर्फातल्या गावाचं एक चित्र उलटं धरून 'नायगारा धबधबा' म्हणून 7 फ्रँकला विकलं. मालक हसले, म्हणाले आमच्याकडं बी गिऱ्हाईक विचारतंय, वरची बाजू कुठली म्हणून. कॅनव्हास संपला की गोगँ जाड्याभरड्या गोणपाटावर रंगवायचा म्हटल्यावर म्हणाले, रविवार पेठेतनं आणून द्या, मशीन घेतंय का बघूया.

बहिणीचा आक्षेप वेगळा. असल्या माणसाचं चित्र घरात कशाला, बेटावर तेराएक वर्षांची पोर बायको म्हणून ठेवली त्यानं. माझ्याकडं उत्तर नाही, खरंच आहे ते. चित्र लावलंय तरी.

दुसरी प्रिंट चोख आली, पैसे घेतले नाहीत. जाणार असाल तर 'कलरला हात लावू नको' हे तोंडी सांगून भागत नाही, शेजारी बसा. शनिवारी गर्दी असते, टाळा.

पहिली प्रिंट पण देऊन टाकली त्यांनी. ती आईनं तिच्या खोलीत लावलीय. म्हणते, ह्यातल्या पोरी जरा बऱ्या दिसतात.